सकाळी घोटाभर, संध्याकाळी कमरेएवढं: त्र्यंबकच्या रानातल्या एका ओहळाचं प्रकरण

नाशिकमधल्या आमच्या भटकंतीच्या गटात दर पावसाळ्यात नवी मंडळी येतात. त्यांना नियमांची यादी वाचून दाखवली तर मान डोलावतात आणि विसरतात. म्हणून अशी प्रकरणं लिहून ठेवायची सवय लावून घेतली आहे. हे प्रकरण सात जणांचं आहे. त्यातल्या पाच जणांशी मी वेगवेगळं बसून बोललो आणि नंतर दोनदा त्या वाटेने जाऊन आलो. सर्वांच्या परवानगीने लिहितो आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. धबधब्याचं नावही नाही. एकदा नाव छापून आलं की पुढच्या रविवारी तिथे चाळीस गाड्या लागतात.

पार्श्वभूमी

सगळे नाशिक शहरातले. दादा (वय ४५, नोकरदार), वहिनी, त्यांची अकरा वर्षांची मुलगी, वहिनींची मावशी (वय ६१, रक्तदाबाची गोळी रोज चालू), दादांचा भाचा (वय २३), भाच्याचा कॉलेजातला मित्र आणि दादांचे ऑफिसातले एक सहकारी. या सहकाऱ्यांना सगळे 'सर' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. ट्रेकिंगचा अनुभव म्हणाल तर भाचा आणि त्याचा मित्र अंजनेरी आणि हरिहर हे किल्ले करून आलेले. बाकीच्यांचा डोंगर म्हणजे सप्तशृंगीच्या पायऱ्या.

दिवस ऑगस्टमधला रविवार, श्रावण चालू. तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीसाठी आदल्या रविवारपासूनच त्र्यंबकच्या रस्त्यावर मुंगीला वाट मिळत नाही, म्हणून त्यांनी एक आठवडा आधीचा रविवार धरला. हा विचार शहाणपणाचा होता. दुगारवाडी आणि पहिणे हे नेहमीचे धबधबे नकोत, हेही ठरलेलं. तिथे गर्दी, बंदोबस्त, कधी बंदीचा आदेश. मित्राच्या ओळखीतल्या कोणी तरी जव्हार रस्त्यापासून आत एका पाड्याजवळचा धबधबा सांगितला होता. 'तिथे कुत्रंसुद्धा नसतं' ही त्याची शिफारस. माणसाला एकांत हवा असतो, त्यात गैर काही नाही. पण जिथे कोणी नसतं तिथे 'पुढे जाऊ नका' म्हणणाराही कोणी नसतो, हा हिशेब तेव्हा कोणी केला नव्हता.

रचना लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. डांबरी रस्ता सोडून कच्च्या रस्त्याने पाड्यापर्यंत गाडी जाते. तिथून भाताच्या खाचरांच्या बांधावरून वीस-पंचवीस मिनिटं चाललं की एक ओहळ लागतो. ओहळ ओलांडला की रान सुरू होतं आणि तासाभराच्या चढाने धबधब्याचं कुंड येतं. म्हणजे गाडी, पाडा आणि रस्ता ओहळाच्या एका बाजूला, धबधबा दुसऱ्या बाजूला. ओहळावर साकव नाही.

सकाळ

साडेसहाला निघायचं ठरलेलं, निघाले आठ वाजून दहा मिनिटांनी. डबे, सरांची वाट, विसरलेली छत्री. मग त्र्यंबक रस्त्यावर मिसळ. नाशिककर मिसळीशिवाय शहराची वेस ओलांडत नाही, आणि रविवारी मिसळीला रांग असते. पाऊण तास ठरवलेला, सव्वा तास गेला. त्र्यंबकमध्ये श्रावणाची गर्दी होतीच. पाड्यावर पोहोचले तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

ज्या घराच्या अंगणात गाडी लावली त्या बाईंनी पन्नास रुपये घेतले आणि विचारलं, "दादा, माघारी किती वाजता?" दादा म्हणाले, "चारपर्यंत." हे त्यांनी सहज, तोंडाला येईल ते सांगितलं होतं. दिवसभरात त्यांनी घेतलेला सगळ्यात उपयोगी निर्णय हाच ठरला, आणि तो त्यांनी घेतलाच नव्हता.

पावणेबाराला ओहळ. पाणी घोट्याएवढं, नितळ, तळातले गोटे दिसत होते. मुलीने काठावर तीन चपटे दगड एकावर एक रचून देऊळ केलं. मावशींनी साडी जरा उचलून, भाच्याचा हात धरून ओहळ पार केला. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांबद्दल मी पाचही जणांना विचारलं. दगडांचं देऊळ आणि थंडगार पाणी सगळ्यांना आठवत होतं. 'हे पाणी वाढलं तर?' असं कोणाच्या मनात आल्याचं एकालाही आठवत नाही.

निघण्याआधी मोबाइलवर हवामान पाहिलं होतं: नाशिक, ढगाळ, हलक्या सरी. ते बरोबरच होतं. शहरात त्या दिवशी खरोखर भुरभुरच झाली. पण नाशिक शहरात वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर इगतपुरीकडे ३००० च्या घरात. त्र्यंबकचा डोंगरपट्टाही शहराच्या कितीतरी पट भिजतो. हवामान खातं म्हणूनच नाशिक जिल्हा आणि नाशिकचा घाटमाथा यांचे इशारे वेगवेगळे देतं. घाटमाथ्यासाठी त्या दिवशी पिवळा इशारा होता. तो कोणी पाहिला नाही, कारण तो वेगळा पाहायचा असतो हेच ठाऊक नव्हतं.

पेच कसा तयार झाला

पावणेएकला कुंडापाशी. जागा सुंदर आहे, ते मी नाकारणार नाही. काळ्या कातळावरून साठ-सत्तर फुटांची धार, खाली हिरवट कुंड, चहूकडे ऐन आणि जांभळाची झाडं. डबे उघडले, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी झाली. मुलं कुंडाच्या कडेला डुंबली.

अडीचच्या सुमारास एक म्हातारे बाबा पाच-सहा गुरं घेऊन शेजारच्या वाटेने गेले. डोक्यावरून प्लास्टिकचा कागद, हातात काठी. थांबून म्हणाले, "पानी यायचंय वरून. निघा आता." दादा म्हणाले, "हो बाबा, निघतोच." बाबा गेले. हे बसले. मी दादांना विचारलं, ते ऐकलं का नाही? ते जरा थांबून म्हणाले, "मला वाटलं, गावातले लोक असंच बोलतात."

तीनच्या पुढे वरची धार ढगात गेली. कुंडापाशी पाऊस बेताचाच होता. पण वीस मिनिटांत धबधब्याचा आवाज बदलला, आधी सळसळ होती, आता दणदण सुरू झाली. पाण्याला चहाचा रंग आला, काड्या आणि पानं वाहत येऊ लागली. गढूळ रंग, वाहता पालापाचोळा आणि बदललेला आवाज ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की वर पाऊस जोरात लागला आहे आणि पाणी चढत येतंय, एवढंच त्याचं भाषांतर. या मंडळींनी फोटो काढले. 'आता खरा धबधबा दिसतोय' असं भाच्याच्या मित्राने म्हटल्याचं तिघांनी सांगितलं. मित्राला स्वतःला ते आठवत नाही.

निघाले तीन वाजून पन्नास मिनिटांनी. उतार निसरडा, मावशींचा वेग कमी. चार पन्नासला ओहळ. सकाळच्या ठिकाणी पाणी कमरेपर्यंत, तांबूस, मधल्या दगडांवरून उसळत जाणारं. मुलीचं देऊळ गेलं होतं. पलीकडे, खाचरांच्या पल्याड, पाड्यातली कौलं दिसत होती.

एवढं पाणी दोन तासांत आलं कुठून, असं वाटतं. हिशेब सोपा आहे. त्या ओहळाला पाणी देणारा डोंगरउतार मी नकाशावर मोजला तेव्हा तो तीन चौरस किलोमीटरच्या आसपास भरला. तेवढ्या जागेवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे १५ कोटी लिटर पाणी. ऑगस्टपर्यंत माती भरलेली असते, खाली काळा कातळ, उतार तीव्र. मुरायला जागा नाही, म्हणून त्यातलं बरंचसं थेट ओहळात उतरतं. पात्र लहान आणि उतार जास्त असल्याने पाणी लवकर चढतं. त्याच कारणाने लवकर उतरतंही, पण वर पाऊस थांबला असेल तरच.

समोर असलेले पर्याय

ओहळाच्या काठावरचा पहिला पाऊण तास मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सात माणसं ओली, दमलेली, समोर घर दिसतंय. मावशींची संध्याकाळची गोळी गाडीत. मुलगी कुडकुडायला लागलेली. सूर्य मावळायला दोन तास, पण दरीत त्याआधीच अंधारतं.

हात धरून साखळी करून जायचं, ही पहिली सूचना भाच्याची. सात जणांची साखळी ऐकायला भक्कम वाटते. पण वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि गढूळ पाण्यात पाय कुठे टेकतोय ते दिसत नाही. साखळीतला एक घसरला की तो दोघांना ओढतो. अकरा वर्षांची मुलगी आणि एकसष्ट वर्षांच्या मावशी त्या साखळीत कुठे उभ्या राहणार होत्या, हे कोणी विचारलं नाही.

दोर लावून जायचं, सर म्हणाले. दोर होता. गाडी ओढायचा नायलॉनचा, डिकीत. गाडी पलीकडे. मग ओढण्या एकमेकींना बांधायची कल्पना निघाली. वहिनींनी दोन ओढण्या बांधून ओढून पाहिल्या, गाठ सुटली. तो विषय तिथे संपला आणि बरं झालं.

ओहळाच्या वरच्या अंगाला जाऊन अरुंद जागा शोधायची, हा तिसरा विचार. इथे माझं मत सावध आहे. अरुंद जागी पाणी जास्त खोल आणि जास्त वेगवान असतं. ओलांडायचंच असेल तर पात्र पसरट होतं तिथे पाहावं लागतं. शिवाय अनोळखी काठाने निसरड्या रानात फिरणं वेगळंच संकट. त्यांनी हा पर्याय सोडला, कारण मावशी चालायला तयार नव्हत्या. कारण काही का असेना.

मदत मागवायची म्हटलं, तर कोणाच्याही फोनला रेंज नव्हती.

आणि पाचवा, थांबायचं. हा पर्याय पहिली पंधरा मिनिटं कोणी तोंडातून काढलाच नाही. थांबणं म्हणजे काहीच न करणं, असं सगळ्यांना वाटत होतं. घरी काय सांगायचं, उद्या ऑफिस, मुलीची शाळा, हेच बोलणं चाललं होतं.

काय घडलं

सव्वापाचला भाच्याचा मित्र "मी बघून येतो" म्हणून पाण्यात उतरला. काठी नाही, पायात सँडल. चौथ्या पावलाला पाणी मांडीवर आलं, पाचव्या पावलाला पाय सुटला. दहा-बारा मीटर वाहत जाऊन तो काठाच्या एका उंबराच्या मुळांना अडकला. भाच्याने आणि सरांनी त्याला ओढून वर घेतलं. गुडघा सोलवटला, घोटा मुरगळला, फोन गेला. तो उंबर मी पाहिला आहे. त्याच्या खाली तीस पावलांवर ओहळ एका खडकाच्या चिरेत शिरतो, तिथून माणूस ओढून काढता आला नसता.

मी दादांना विचारलं, तो उतरत होता तेव्हा तुम्ही काय म्हणालात? "काहीच नाही. मी हो म्हटलं नाही, पण नाही पण म्हटलं नाही." गटातला वयाने, मानाने मोठा माणूस गप्प राहिला की तरुण पोरं त्याचा अर्थ परवानगी असाच घेतात. दादांना हे बोलताना त्रास होत होता, तरी त्यांनी ते लिहायला सांगितलं.

तेव्हा मावशी बोलल्या. पाड्याकडे पाठ करून एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता कोणी पाण्यात उतरायचं नाही. मी इथून हलणार नाही, म्हणजे तुम्हीही हलणार नाही." ज्यांच्यामुळे सगळ्यांचा वेग कमी झाला असं दिवसभर कुजबुजत चाललं होतं, त्यांनीच निर्णय घेतला.

साडेपाचला गुरांवाले बाबा आले. एक पाडी रानात मागे राहिली, तिला शोधण्यात तेही अडकले होते. हे मला फार मोलाचं वाटतं. ज्याने सकाळ-संध्याकाळ हा ओहळ ओलांडण्यात जन्म काढला, ज्याचं घर समोर दिसत होतं, तो माणूस पाण्याकडे एकदा बघून प्लास्टिकचा कागद अंगाभोवती घेऊन बसला. बिडी शिलगावली. भाच्याने विचारलं, "बाबा, तुम्ही नाही जाणार?" ते म्हणाले, "पानी उतरंल तवा जाईन. त्याला घाई न्हाई, मला कशाला?"

बाबांनीच एक काटकी काठाच्या चिखलात पाण्याच्या रेषेवर खोचली. पाणी काटकीच्या वर गेलं की दुसरी खोचायची. काम मुलीकडे दिलं. तिने सरांच्या घड्याळावर वेळ बघून सगळं तोंडपाठ ठेवलं, म्हणून आज आकडे सांगता येतात. पावणेसहा ते सव्वासहा पाणी आणखी वीतभर चढलं. सातपर्यंत तिथेच राहिलं. साडेसातला चार बोटं खाली. त्यानंतर दर अर्ध्या तासाला हातभर रेष सरकत गेली. काटक्यांचा दुसरा फायदा असा की रडवेल्या मुलीला काम मिळालं आणि मोठ्यांनाही बघायला काही तरी.

दरम्यान पावणेसहाला भाचा आणि सर रेंज शोधायला वर सड्यावर, म्हणजे डोंगराच्या सपाट माथ्यावर गेले. गट फोडावा की नाही यावर आमच्यात अजून वाद होतो. मला तो निर्णय मान्य आहे, कारण दोघे मिळून गेले, ओळखीच्या वाटेनेच गेले आणि सातच्या आत परत यायचंच असं ठरवून गेले. माझा एक मित्र म्हणतो, ओल्या कातळावर अजून एक पाय मुरगळला असता तर? त्याच्याकडेही मुद्दा आहे.

सहा वाजून दहा मिनिटांनी रेंजची एक काडी आली. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन लागला. पलीकडून विचारलं, नेमकं कुठे? इथे अडचण झाली. यांना ठाऊक असलेलं धबधब्याचं नाव शहरातल्या भटक्यांनी पाडलेलं होतं, गावात त्याला कोणी ते म्हणत नाही. पाड्याचं नाव दोघांनाही धड आठवेना. शेवटी सरांना सुचलं की नकाशाचं ॲप उघडलं तर इंटरनेट नसतानाही निळा ठिपका दिसतो. जीपीएसला मोबाइलच्या रेंजची गरज नसते. ठिपक्यावर बोट दाबून धरल्यावर अक्षांश-रेखांशाचे आकडे आले, ते त्यांनी वाचून दाखवले. दुसरा फोन घरी. मग बॅटरी वाचवण्यासाठी दोन्ही फोन बंद केले. हे त्यांनी आपणहून केलं.

मदत दोन वाटांनी आली आणि दोन्ही पाड्यातच येऊन मिळाल्या. फोनवरून निरोप फिरत फिरत त्या गावाच्या पोलीस पाटलांपर्यंत गेला. पण त्याआधीच, अंगणातल्या त्या बाईंनी गाय बांधताना पाहिलं की चारला निघणारी गाडी सहाला इथेच उभी आहे, आणि सासरेही गुरं घेऊन आले नाहीत. म्हणजे ते बाबा म्हणजे त्यांचे सासरे. त्यांनी नवऱ्याला पाठवलं. सव्वाआठला पलीकडच्या काठावर दोन बॅटऱ्या दिसल्या, हाक आली, बाबांनी हाक दिली.

तरीही त्यांनी लगेच कोणाला हलवलं नाही. आणखी तासभर दोन्ही काठांवर माणसं बसून राहिली. पाणी गुडघ्यावर आल्यावर बाबांच्या मुलाने दगडाला बांधून दोर अलीकडे फेकला, दोन्ही बाजूंच्या झाडांना ताणून बांधला. भाचा दोर कमरेला बांधून घेऊ लागला तेव्हा बाबांचा मुलगा ओरडला, "बांधू नका! धरून या. पाय अडकला तर दोरच तुम्हाला बुडवंल." हे ज्याला माहीत नाही त्याने दोर घेऊन रानात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वाहत्या पाण्यात अंगाला बांधलेला दोर ताणला गेला की माणूस पाण्याखाली दाबला जातो आणि गाठ सुटत नाही.

दोराच्या खालच्या अंगाला उभं राहून, तोंड वरून येणाऱ्या पाण्याकडे, एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. मुलीला बाबांच्या मुलाने खांद्यावर घेतलं. नऊ वाजून वीस मिनिटांनी शेवटचे दादा पलीकडे आले. बाबा गुरांसह त्यांच्या मागून, दोराला हात न लावता.

परिणाम

एक मुरगळलेला घोटा, एक गेलेला फोन, मुलीला दोन दिवस ताप. मावशींची गोळी चार तास उशिरा. पाड्यात कोरा चहा आणि नागलीची भाकरी मिळाली. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, पार्किंगचे पन्नास तेवढे आधीच घेतले होते. घरी पोहोचायला रात्रीचे सव्वाबारा झाले.

हे थोडक्यात निभावलं, म्हणून विनोदाने सांगता येतं. ऑगस्ट २०२२ मध्ये दुगारवाडीच्या धबधब्याकडे गेलेले वीसहून जास्त पर्यटक असेच पाणी चढल्याने अडकले, रात्री त्यांना बाहेर काढावं लागलं आणि एक जण वाहून गेला. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. तिथेही ते उभे राहिले तेव्हा पाणी बेताचंच होतं.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

लोक विचारतात, चुकलं कुठे? बहुतेक जण मित्राच्या पाण्यात उतरण्याकडे बोट दाखवतात. ती चूक मोठी, पण ती शेवटची होती. माझ्या मते खरा निर्णय पावणेबाराला, घोटाभर पाण्यात झाला. ओहळ ओलांडताना आपण परतीची चावी त्या ओहळाच्या हाती देतो. त्या क्षणी दोन मिनिटं थांबून विचारायला हवं होतं: हे पाणी कुठून येतं, तिकडचं आभाळ कसं आहे, वाढलं तर दुसरी वाट आहे का, नसेल तर किती वाजता परत इथे असायचं. दुसरी वाट नव्हती. मग सात जणांत एक मावशी आणि एक मूल असताना, ऑगस्टमध्ये, ओहळाच्या अलीकडेच डबा खाऊन परतणं हा पर्याय होता. तिथून धबधब्याची वरची धार दिसते. हे ऐकून भाचा हसला होता. मी थट्टा करत नव्हतो.

उशीर ही दुसरी जागा. घाटात दुपारनंतर पाऊस वाढतो असा काही पक्का नियम नाही, पण उजेड मात्र संध्याकाळी नक्की संपतो. ठरल्याप्रमाणे साडेसहाला निघाले असते तर एकपर्यंत परत ओहळावर असते. दीड तास उशीर झाल्यावर ठिकाण बदलायला हवं होतं. यांनी ठिकाण तेच ठेवलं, परतीची वेळही पुढे ढकलली, आणि ढकलली हे कोणी बोललंही नाही. दादांनी बाईंना 'चार' सांगितलं आणि चारला दहा मिनिटं असताना कुंडावरून निघाले. म्हणजे तो आकडा कोणीच मानला नव्हता, बाई सोडून.

बाबांचा अडीचचा इशारा ही तिसरी. त्या वेळी उठले असते तर साडेतीनला ओहळावर पोहोचले असते. पाणी किती असतं ते सांगता येत नाही. बाबांचा अंदाज: "गुडघ्याच्या खालीच."

सामानाचं फार बोलणार नाही. दोर गाडीत, गोळ्या गाडीत, बॅटरी कोणाकडेच नाही, शिट्टी नाही. मात्र प्रत्येकाच्या पिशवीत जादा कपडे होते. तेही ओले झाले, कारण प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले नव्हते. एकट्या वहिनींनी मुलीचा स्वेटर दुधाच्या धुतलेल्या पिशवीत बांधून आणला होता. तो सात तासांतला एकमेव कोरडा कपडा.

जे बरोबर केलं तेही नोंदवतो. एकदा थांबायचं ठरल्यावर कोणी मोडलं नाही. सगळे पाण्यापासून दूर, उंच जागी बसले. ज्याला ठाऊक होतं त्याचं, उशिरा का होईना, ऐकलं.

एका गोष्टीवर माझं मत अजून पक्कं नाही. मित्राला पाण्यातून ओढताना भाचा स्वतः गुडघाभर पाण्यात गेला होता. नियम सांगतो की वाहणाऱ्याच्या मागे पाण्यात जाऊ नये, काठी किंवा कपडा पुढे करावा. भाच्याला विचारलं तर म्हणतो, "मामा ओरडत होते, पण मला ऐकूच आलं नाही." दादा म्हणजे त्याचे मामा. ते ओरडले, एवढं तरी.

दिवाळीनंतर हे सगळे पुन्हा त्या पाड्यावर गेले. बाबांच्या मुलाने त्या रात्री दिलेली बॅटरी परत करायची होती. ओहळात गोट्यांमधून बोटभर धार राहिली होती. मुलीने काठावर बसून पुन्हा तीन दगड रचले. बाईंनी पन्नास रुपये घेतले आणि विचारलं, "माघारी किती वाजता?" दादांनी या वेळी आधी मावशींकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"दीड," ते म्हणाले. सव्वाला सगळे अंगणात होते.